कॅप कधी, ब्रिज कधी? (भिसेगाव, कर्जत येथील वाचकाचा प्रश्न)

रूट कॅनाल झालेली दाढ कमकुवत होते; चावताना ती चिरू नये म्हणून घासून तिच्यावर कॅप बसवतात. दात मुळासकट गेला असेल, तर ब्रिज: शेजारच्या दोन दातांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेला कृत्रिम दात. खरी किंमत इथे मोजावी लागते, कारण निरोगी दातही १ ते २ मिलिमीटर घासले जातात आणि घासलेला भाग परत येत नाही. शेजारचे दात धड असल्यास इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरील दाताचा) विचार आधी करावा. ब्रिजखाली अडकलेले अन्न साध्या ब्रशने नीट निघत नाही; इंटरडेंटल ब्रश लागतो. या उपचारांसाठी कर्जत लोकलने सीएसएमटीला उतरल्यास सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय जवळ पडते. मात्र माप, बसवणी, तपासणी अशा बऱ्याच फेऱ्या धराव्यात.