शंभर तासांचा हिशेब

बायपासच्या ऑपरेशनसाठी पायातली शीर काढण्यात आमच्या विभागात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, अशा एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं नाव एका जानेवारीत ऑपरेशन रूमच्या, म्हणजे ओआरच्या, वेळापत्रकातून अचानक गायब झालं. त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं, कुणा रुग्णाची तक्रार नव्हती. ३१ डिसेंबरला त्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि दोन वर्षांचे शिक्षणाचे शंभर तास खात्यावर जमा झालेले नव्हते. बिचाऱ्याने बरेचसे तास केले होते. पण पावत्या जुन्या रुग्णालयाच्या ईमेलवर गेल्या होत्या आणि ती नोकरी सोडली त्या दिवशीच तो पत्ता बंद झाला होता. शिवाय ज्या कार्यशाळेवर त्याची सगळी भिस्त होती, तिचे तास लागणाऱ्या वर्गात धरलेच जात नव्हते. रुग्णालयाचा नियम सरळ होता: प्रमाणपत्र चालू नसेल तर रुग्णाला हात लावायचा नाही. कित्येक आठवडे तो घरी बसला आणि त्याच्या वाटच्या केसेस आम्ही बाकीच्यांनी ओढल्या.

मी मूळची सांगलीची. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया विभागात फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, म्हणून काम करते. सुट्टीत घरी गेले की ओळखीतली मुलं आणि त्यांचे आईवडील या अभ्यासक्रमाची चौकशी करायला येतात. फी किती, पगार किती, व्हिसाचं काय, हे सगळे विचारतात. नोकरी लागल्यावर पुढे काय शिकत राहावं लागतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर इथे लिहिते आहे.

हा पेशा तसा तरुण आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना हाताशी धरून पहिला वर्ग सुरू केला. दोनच वर्षांत अलाबामात डॉ. जॉन किर्कलिन यांनी खास शस्त्रक्रियेसाठी सहायक तयार करायला घेतले. हृदय-फुप्फुस यंत्र वापरून नेमाने शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या सर्जनांपैकी हे किर्कलिन. त्यामुळे हृदयशस्त्रक्रियेच्या टेबलाशी पीएचं नातं पहिल्यापासूनचं. सर्जन छाती उघडून आतली धमनी मोकळी करत असतो, त्याच वेळी पायाशी बसून शीर काढतो तो पीए. छाती बंद करताना, नंतर आयसीयूत आणि वॉर्डातही तोच असतो.

आता नियम. राष्ट्रीय प्रमाणपत्र एनसीसीपीए ही संस्था देते. दर दोन वर्षांनी १०० क्रेडिट, त्यातली निदान ५० पहिल्या वर्गातली, म्हणजे आधीच मान्यता घेतलेल्या कार्यक्रमांतली. उरलेली जर्नल वाचून, सहकाऱ्यांना शिकवून, साध्या चर्चांतून भरता येतात. अशी पाच आवर्तनं झाली की दहा वर्षांचं चक्र पुरं होतं आणि पुन्हा परीक्षा. ती एका बैठकीत २४० प्रश्नांची देता येते. नाहीतर २०२३पासून दुसरी वाट खुली झाली आहे: सातव्या ते नवव्या वर्षात घरबसल्या दर तिमाहीला २५ प्रश्न, अशा बारा तिमाह्या, आणि त्यांतल्या सर्वोत्तम आठ धरल्या जातात. ही दुसरी वाटच घ्या असं मी बेधडक सांगते. उत्तर दिल्याबरोबर बरोबर का नि चूक का हे समजतं, पुस्तक उघडून बघायलाही मुभा असते. माझ्या मते शिक्षण म्हणण्यासारखं त्या सगळ्या व्यवहारात हेच आहे.

परीक्षा मात्र सगळ्या वैद्यकाची असते. वर्षानुवर्षं हृदयाखेरीज काही न पाहिलेल्या माणसाला लहान मुलाच्या अंगावरचं पुरळ, गरोदरपणातला रक्तदाब, थायरॉइड असं सगळं विचारतात. आमच्या चहाच्या टेबलावर यावरून कुरकुर ठरलेली. मला ती आता पटत नाही. बायपासनंतर तिसऱ्या दिवशी वॉर्डात असलेला सत्तरीतला रुग्ण नुसतं हृदय घेऊन आलेला नसतो. ऑपरेशनच्या ताणाने त्याचा जुना गाऊट उफाळतो, रात्री तो भ्रमात जातो, साखर हाताबाहेर जाते. पायातल्या शिरेत कितीही तरबेज असलात तरी त्या वेळी ते कौशल्य कामाचं नसतं.

गोची दुसरीकडे आहे. शंभर तास भरणं आणि आपल्या हातातलं काम नव्याने शिकणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि ती एकमेकांशी जुळवून द्यायला कुणी येत नाही.

आमच्याच कामाचं उदाहरण घ्या. पूर्वी शीर काढायला घोट्यापासून जांघेपर्यंत लांब चीर द्यावी लागे. छातीची जखम भरून यायची आणि पायाची चिघळत राहायची, हे रुग्णाला नवीन नव्हतं. मग दुर्बिणीची पद्धत आली. गुडघ्याजवळ छोटीशी चीर, आत कार्बन डायऑक्साइड सोडून जागा करायची आणि पडद्यावर बघत फांद्या तोडत शीर सुटी करायची. रुग्ण खूश, सर्जन खूश. आणि २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीन हजार रुग्णांचं एक विश्लेषण आलं. दुर्बिणीने काढलेल्या शिरा जास्त प्रमाणात बंद पडतात आणि तीन वर्षांत मृत्यू व हार्ट अटॅकही जास्त दिसतात, असं त्यात होतं. कुणाला कोणती पद्धत हे त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे दोष पद्धतीचा की बाकी परिस्थितीचा, हे सांगणं अवघड होतं. पण टेबलाशी उभ्या राहिलेल्या सर्जनने विचारलं, "हे वाचलंस का?" तर उत्तर द्यायचं कुणी? शीर काढणाऱ्यानेच ना!

उत्तर यायला दहा वर्षं लागली. २०१९ साली त्याच जर्नलात 'रीग्रुप' चाचणी आली. माजी सैनिकांची १६ रुग्णालयं, ११५० रुग्ण, आणि या वेळी पद्धत चिठ्ठीने ठरवलेली. पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. मथळा वाचून सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण आमच्यासाठी खरी ओळ मथळ्यात नव्हती, पद्धतीच्या भागात होती. त्या चाचणीत शीर काढणारे हात निवडून घेतलेले होते: दुर्बिणीच्या शंभराहून जास्त केसेस केलेले, आणि मध्येच उघडी चीर देण्याची वेळ क्वचितच आलेले. म्हणजे हा निष्कर्ष कसलेल्या हातांचा आहे. नुकतंच दुर्बीण धरायला शिकलेल्या पीएने त्या कागदाचा आधार घेणं धोक्याचं.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. स्वीडनमधल्या ओरेब्रोच्या डॉ. सूझा यांनी नव्वदच्या दशकात शिरेला थेट न धरता भोवतालच्या चरबीसकट ती काढायची पद्धत मांडली. २०२१ साली चीनमधल्या २,६५५ रुग्णांच्या चाचणीत ती सरस ठरली. २०२४मध्ये खुद्द स्वीडनमधल्याच चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, उलट पायाच्या जखमा वाढल्या. मधल्या काळात, २०१८ साली, हाताच्या कोपराखालच्या भागातून काढलेली रेडियल धमनी शिरेपेक्षा टिकाऊ ठरते, असं सहा चाचण्या एकत्र करून दाखवण्यात आलं, आणि ती धमनी काढण्याचं कामही बऱ्याच ठिकाणी पीएकडेच आलं. एका पायाच्या आणि एका हाताच्या वितीभर जागेत पंधरा वर्षांत एवढी उलथापालथ! यातलं काहीही मला ऑनलाइन धड्यांतून मिळालेलं नाही. विभागाच्या जर्नल क्लबमध्ये, आणि मृत्यू व गुंतागुंतींची चर्चा जिथे होते त्या बैठकीत मिळालं.

म्हणून पहिली गोष्ट. आपल्या रुग्णालयातल्या ग्रँड राउंड्स आणि गुंतागुंतींच्या बैठकीला पहिल्या वर्गाची मान्यता आहे का, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात विचारा. पुष्कळ ठिकाणी असते. हजेरी नोंदवली की तास जमा होतात, पैसा लागत नाही, आणि चर्चा आपल्याच रुग्णांची असते. अडचण एवढीच की त्या वेळी पीए बहुधा ओआरमध्ये पहिली केस लावत असतो. त्या दिवशी पहिली केस उशिरा सुरू करायची पद्धत कित्येक विभागांत आहे. तुमच्याकडे नसेल तर मागा. सर्जनला ती वेळ मिळते, मग पीएला का नाही?

दुसरी गोष्ट कंपन्यांची. नवा स्टेपलर, नवं ऊर्जा-उपकरण, रोबोटचा नवा हात आला की कंपनीचा माणूस येऊन शिकवतो. ते शिकलंच पाहिजे, उद्या सकाळी ते हातात घ्यायचं असतं. पण उपकरणं बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कंपनीला मान्यताप्राप्त शिक्षण देता येत नाही, असा मान्यता देणाऱ्या संस्थांचाच नियम आहे, आणि तो योग्य आहे. त्यामुळे तो अख्खा दिवस पहिल्या वर्गात शून्य. माझ्या सहकाऱ्याची गल्लत नेमकी इथे झाली. आणि हो, त्या दिवशीचं जेवण कंपनीने दिलं असेल तर २०२१पासून पीएच्या नावापुढेही त्याची नोंद सरकारच्या 'ओपन पेमेंट्स' या संकेतस्थळावर होते. कुणीही उघडून पाहू शकतं. मी घरून डबा नेते.

परिषदांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. मालक दरवर्षी शिक्षणासाठी ठरावीक रक्कम आणि सुट्टी देतो. ती घेऊन समुद्रपर्यटनाच्या जहाजावर व्याख्यानं ऐकायला जाणारे लोक मी पाहिले आहेत, तास त्यांचेही भरतात. कुणाच्या सुट्टीत मी नाक खुपसत नाही. पण पैसे एकदाच मिळणार असतील तर हृदयशस्त्रक्रियेतल्या पीएंची जी संघटना आहे, एपीएसीव्हीएस, तिच्यासारख्यांच्या परिषदेला जा. आणि नावनोंदणी करताना व्याख्यानांच्या यादीआधी प्रत्यक्ष हाताने करायचं सत्र आहे का ते बघा. डुकराच्या हृदयावर टाके घालून घेणाऱ्या तासाभराची सर दिवसभराच्या स्लाइड्सना येत नाही.

मग कागदपत्रं. राष्ट्रीय प्रमाणपत्र, राज्याचा परवाना आणि नियंत्रित औषधं लिहिण्याची केंद्राची नोंदणी, या तिन्हींच्या तारखा वेगळ्या आणि मागण्याही वेगळ्या. न्यूयॉर्कला दर चार वर्षांनी संसर्ग-नियंत्रणाचा अभ्यासक्रम लागतो. नियंत्रित औषधं लिहायची असतील तर जून २०२३पासून व्यसनाधीनतेच्या उपचारांवर एकदा आठ तासांचं प्रशिक्षण केलेलं असावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक लिहिणाऱ्या पीएला ते टळत नाही. राज्य बदललं की पहिल्या दिवशी तिथल्या मंडळाचे नियम वाचायचे, सहकाऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही.

मी काय करते ते सांगते. सगळी प्रमाणपत्रं स्वतःच्या ईमेलवर मागवते, रुग्णालयाच्या नाही. कार्यक्रम संपला त्याच संध्याकाळी तास खात्यावर चढवते. एका वहीत केस करताना पडलेले प्रश्न लिहिते: अमुक रुग्णाच्या शिरेला इतक्या फांद्या का, रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायला हवी होती, तमुक जखम का उघडली. पुढच्या वर्षी काय शिकायचं ते या वहीवरून ठरतं. उरलेले तास मग कशानेही भरा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फोनवर बटणं दाबून मात्र नको. ते तहान लागल्यावर विहीर खणणं झालं.

भारतातही हा पेशा रुजून बराच काळ झाला. १९९२ साली चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी त्याचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तोही हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतूनच. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएटला, म्हणजे पीएलाच, जागा मिळाली आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. मोजमाप वेगळं असल्यामुळे ते अमेरिकेच्या शंभराशेजारी ठेवता येणार नाही, पण निदान डॉक्टरांसाठी चौकट आहे. पुण्या-मुंबईच्या हृदयशस्त्रक्रिया विभागांत रोज पायाशी बसून शीर काढणाऱ्या मुलामुलींनी आपली चौकट येण्याची वाट पाहत बसू नये. वही आजपासून घाला, किती शिरा काढल्या, किती वेळा उघडी चीर द्यावी लागली, किती जखमा चिघळल्या, हे आकडे स्वतःच ठेवा.

आणि सर्जन मंडळींना एक विनंती. पुढच्या परिषदेला नाव नोंदवाल तेव्हा आपल्या पीएचंही नोंदवा, आणि त्या दोन दिवसांची त्याची रजा कापू नका.