बीटाच्या लागवडींत विरळणीचें महत्त्व

बीटाचें पीक करणाऱ्या कित्येक शेतकरी बंधूंचा असा समज असतो कीं, रोपें जितकीं दाट तितकें उत्पन्न अधिक. हा समज निखालस खोटा आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं, आणि घोटाळा नेमका येथेंच आहे. दाटीनें कांहीं मर्यादेपर्यंत वजन वाढतें हें खरें. पदरांत पडणारा पैसा वाढेलच असें मात्र नाहीं.

प्रथम बीटाच्या बियांचा विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. आपण ज्यास बीटाचें एक बीं म्हणतों, तो वस्तुतः वाळलेल्या फळांचा खडबडीत गोळा असून त्यांत दोनपासून पांचपर्यंत खरीं बीजें असतात. त्यामुळें अंतर मोजून एकेक बीं टोकलें, तरी एका जागीं तीन-चार रोपें उगवतात व तो सारा खटाटोप व्यर्थ जातो. अलीकडे एकांकुरी बियाणें निघालें आहे. परंतु डेट्रॉइट डार्क रेड, क्रिमसन ग्लोब या नेहमींच्या जातींचें बीं बहुअंकुरीच असतें. तेव्हां बीटाचें अंतर पेरणीनें ठरत नाहीं, तें विरळणीनें ठरतें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दुसऱ्यांच्या पिकांच्या नोंदी आम्हीं वर्षानुवर्षें लिहिल्या. पण स्वतःच्या दहा गुंठ्यांत बीट पेरलें, तेव्हां एवढें साधें ज्ञान आमच्यापाशीं नव्हतें. पहिल्या वर्षीं पाल्याची हिरवीगार दाटी पाहून आम्ही फार संतुष्ट झालों. उपटूं लागलों तों कंद बोटाएवढे बारीक व एकमेकांस दाटून वांकडे झालेले! अडत्यानें अर्धाअधिक ढीग बाजूस सारला. दुसऱ्या वर्षीं चिडून आम्हीं रोपांत फूटफूट अंतर ठेविलें. कंद लहान नारळाएवढे झाले, पण चिरल्यावर आंत धागे निघाले. शिवाय उघड्या जमिनींत तण इतकें माजलें कीं, खुरपणीची मजुरीच अंगावर आली.

जुनी संवय म्हणून येथें थोडा हिशेब मांडतों. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ओळींत १ फूट अंतर धरिलें, तर रोपांत ४ इंच ठेविल्यास गुंठ्यांत ३२६७ रोपें बसतात. ६ इंचांस २१७८ व ९ इंचांस १४५२. उदाहरणादाखल कंदाचें सरासरी वजन अनुक्रमें ९०, १२० व १७० ग्रॅम धरूं. जमीन, खत व पाणी यांप्रमाणें तें बदलेल. उत्पन्न सुमारें २९४, २६१ व २४७ किलो येतें. म्हणजे दाट लागवड पहिली आली. परंतु तिच्यांतील अर्धा माल बारीक ठरून अर्ध्या भावानें गेला, तर त्या २९४ किलोंचे पैसे पुऱ्या भावाच्या २२० किलोंइतकेच झाले! बाजारास हवा असतो तो मुठींत मावणारा, दोन-अडीच इंच व्यासाचा कंद.

विरळणी दोन-तीन खरीं पानें फुटतांच करावी. जमीन ओली असतां एका जागीं एकच जोमदार रोप राखून बाकीचीं नखानें अथवा कात्रीनें खुडावीं. उपटल्यास राखलेल्या रोपाच्या मुळास धक्का बसतो. "एवढी मजुरी कोण देणार?" असें आम्हांस पुष्कळ जण विचारतात. मजुरी लागते, हें आम्हीही नाकारीत नाहीं. पण हें काम पुढें ढकललें, तर गुंतलेलीं मुळें सोडवितां सोडवितां तीच मजुरी वाढते, व कंदाची वाढ खुंटते ती खुंटतेच. खुडलेल्या कोंवळ्या पाल्याची भाजी उत्तम होते.

शहराचा बाजार जवळ असेल त्यानें प्रथम ३ इंच अंतर राखावें व कंद लिंबाएवढे होतांच एकाआड एक उपटून पाल्यासकट जुड्या विकाव्या. उरलेल्यांस आपोआप ६ इंच जागा मिळते. तिसऱ्या वर्षापासून आम्ही असेंच करितों. मात्र उपटतांना मोकळी झालेली माती त्याच दिवशीं शेजारच्या कंदांस लावून हलकें पाणी द्यावें. नाहींतर कंदाचे खांदे उघडे पडून कठीण होतात.