प्रातोची बदामी बिस्किटे

'बिस्कीट' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, तो परका आहे असे कोणास वाटत नाही. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास ते प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत सापडते. त्या भाषेत 'बिस' म्हणजे दोनदा आणि 'कोक्तुस' म्हणजे शिजवलेले किंवा भाजलेले. दोनदा भाजलेला पदार्थ, तो बिस्कीट! आज दुकानांत मिळणारी बहुतेक बिस्किटे एकदाच भाजलेली असतात. नाव मात्र जुनेच राहिले आहे.

पदार्थ दोनदा भाजण्याचे कारण काय? ओलाव्यामुळे अन्नास बुरशी येते. ताजा पाव चार दिवसांत बिघडतो. पण त्याचेच काप पुन्हा भाजून कोरडे केले, तर ते फार दिवस टिकतात. शिडाच्या जहाजांतून महिनोन्महिने प्रवास करणाऱ्या खलाशांचा निर्वाह अशाच कडक बिस्किटांवर होत असे. चहाबरोबर खाल्ला जाणारा टोस्ट याच कुळातला आहे.

इटलीच्या टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्सजवळ प्रातो नावाचे जुने शहर आहे. तेथील बदामी बिस्किटे जगप्रसिद्ध आहेत. त्यांना 'कान्तुच्ची' असेही म्हणतात. या शहरात आंतोनियो मात्तेई या कारागिराने १८५८ साली आपले दुकान उघडले. १८६७ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या बिस्किटांचा गौरव झाला. ते दुकान प्रातोत आजही चालू असून तेथील बिस्किटे निळ्या कागदाच्या, दोरीने बांधलेल्या पुड्यांतून मिळतात.

या बिस्किटांस लागणारे साहित्य अगदी साधे असते. गव्हाचे पीठ, साखर, अंडी आणि बदाम एवढ्यावरच काम भागते. जुन्या पद्धतीत लोणी घालीत नाहीत. बदाम सोलीत नाहीत व कुटीतही नाहीत. ते अख्खेच पिठात मिसळतात. मळलेल्या पिठाचे लांबट, चपटे लोळे करून ते भट्टीत भाजतात. ते बाहेर काढल्यावर गरम असतानाच सुरीने त्यांचे तिरके काप करितात. थंड होऊ दिल्यास लोळा कडक होतो व काप मोडतात. नंतर हे काप प्रचलित रीतीप्रमाणे पुन्हा भट्टीत ठेवून कोरडे करितात. प्रत्येक कापात तपकिरी सालीची कड असलेला पांढराशुभ्र बदाम दिसतो. नक्षी मुद्दाम काढावी लागत नाही; ती सुरीच काढते.

एवढे कडक बिस्कीट खावे कसे? उतावळेपणाने चावू गेल्यास दातांची परीक्षाच होते. टस्कनीत जेवणानंतर मोठी माणसे ते 'व्हिन सांतो' नावाच्या गोड द्राक्षमद्यात बुडवून खातात. त्यासाठी द्राक्षे तोडून प्रथम सुकवितात आणि त्यांचा रस लाकडी पिंपांत काही वर्षे मुरवितात. ती रीत प्रौढांची झाली. दुधात किंवा कॉफीत बुडवूनही बिस्कीट तितकेच रुचकर लागते. ते क्षणभर बुडवावे, म्हणजे बाहेरून मऊ होते आणि आत कुरकुरीत राहते. फार वेळ बुडविल्यास ते पेल्यातच विरघळते! उरलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी लागतात, नाहीतर ती सादळतात.

नाव मोठे झाले की, त्याची नक्कलही होऊ लागते. भलत्याच ठिकाणी, भलत्याच रीतीने केलेली बिस्किटे टस्कनीच्या नावाने विकली गेली, तर खऱ्या कारागिरांच्या श्रमांचे मोल उरत नाही आणि घेणाराही फसतो. म्हणून २०१६ साली युरोपीय संघाने 'टस्कनीची कान्तुच्चिनी' या नावास कायद्याचे संरक्षण दिले. भारतातही कोकणच्या हापूस आंब्यास २०१८ साली असेच भौगोलिक मानांकन मिळाले.

पदार्थ लहान असो वा मोठा, तो ज्या भूमीत आणि ज्या हातांनी घडला त्यांचे नाव त्यास शोभते. ते नाव टिकविण्यासाठी कायदा साहाय्य करितो; परंतु कारागिराचा प्रामाणिकपणा हाच त्याचा खरा आधार होय.

स्वाध्याय

१. 'बिस्कीट' या शब्दाची व्युत्पत्ती सांगा.
२. दोनदा भाजलेला पदार्थ अधिक दिवस का टिकतो?
३. लोळ्याचे काप गरम असतानाच का करितात?
४. 'रुळणे', 'सादळणे', 'मुरणे' या क्रियापदांचा वाक्यांत उपयोग करा.