३.४ पडदा आणि सक्ती : इराणचे उदाहरण

बुरखा, हिजाब आणि चादर हे शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. बुरखा सर्वांग झाकतो. हिजाब मुख्यतः केस व मान झाकतो. इराणी चादर डोक्यापासून पायांपर्यंत येते, पण चेहरा उघडा राहतो. हा भेद ध्यानात ठेवून पुढील घटनाक्रम अभ्यासा.

१९३६ मध्ये रझा शाह यांच्या राजवटीने पडद्यावर बंदी घातली. पोलीस भररस्त्यात चादरी ओढून काढीत. परिणामी अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७८-७९ च्या क्रांतिकाळात मात्र अनेक सुशिक्षित स्त्रियांनी राजसत्तेच्या निषेधार्थ आपणहून चादर पांघरली. मार्च १९७९ मध्ये हिजाबसक्तीची चाहूल लागताच तेहरानमध्ये हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तरीही १९८३ मध्ये ही सक्ती कायद्यात आली व उल्लंघनास फटक्यांची शिक्षा ठरली. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमांवरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटले.

१९३६ व १९८३ चे आदेश परस्परविरोधी दिसतात. परंतु दोन्हींत निर्णय स्त्रीचा नव्हता. वस्त्राचा अर्थ ते कोणाच्या इच्छेने घातले वा उतरवले जाते, यावर बराचसा अवलंबून असतो. अर्थात, कायद्याची सक्ती नसतानाही कुटुंबाचा व समाजाचा दबाव असू शकतो, हेही विसरता येणार नाही.

स्वाध्याय : ‘बंदी व सक्ती ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.’ साधार चर्चा करा.