खडा काढल्यावर लाजेने राहून गेलेला प्रश्न

मुरबाडच्या वस्तीत बैठक संपली की कुणीतरी मागे रेंगाळतं. "ताई, मुतखडा काढलाय, आत नळी आहे. संबंध चालतात का?"

दुर्बिणीने खडा काढल्यावर किडनीपासून मूत्राशयापर्यंत बऱ्याचदा मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. लघवी करताना कमरेत कळ, वारंवार लघवी, लालसर लघवी हे त्या नळीमुळे होते. संबंधाच्या वेळीही दुखू शकते. यात जोडीदाराचा दोष नाही आणि मर्दानगीही जात नाही.

लघवीतले रक्त आणि दुखणे थांबेपर्यंत थांबा. मग डॉक्टरांना विचारून, दोघांची इच्छा असेल तर, नळी असतानाही संबंध ठेवता येतात. नळीचा दोरा बाहेर सोडला असेल तर मात्र नळी निघेपर्यंत नको. ती ओढली जाते. बाई नको म्हणाली, तर नकोच.

टॅमसुलोसिन गोळीने पुरुषांचे वीर्य कमी येते किंवा येत नाही. गोळी बंद झाली की पूर्ववत होते. स्वतःहून मात्र बंद करू नका.

नळी काढायची तारीख भिंतीवर लिहा. भातकापणी किंवा वीटभट्टीच्या हंगामात ती विसरली, तर नळीवरच खडे जमतात आणि किडनी निकामी होऊ शकते.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापुरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तरीही घरातल्या बाईच्या वाट्याचे पिण्याचे पाणी कमी करू नका.