गाडीच्या शेडमधले नको असलेले पाहुणे



आपल्या सातारा-सांगलीकडे 'गॅरेज' म्हटलं की फिटरचं दुकान डोळ्यासमोर येतं. पण घराला लागून असलेली गाडीची शेड, तीही गॅरेजच. तिथे गाडीसोबत जुने टायर, रिकामी पोती, पेंड, रद्दी आणि मुलांची सायकलही असते. सकाळी शाळेच्या घाईत मूल त्या अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालतं. म्हणून आजचा हा पाठ.

१. पाहुणे येतात कशाला?
अन्न, पाणी आणि आडोसा, ही तीनच कारणं. पेंड किंवा धान्य सांडलं की उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. कृष्णा-वारणाकाठी ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडे सरकतात. २०१९ सारखा महापूर आला की बिळात पाणी शिरतं आणि साप, विंचू कोरडी जागा शोधतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नाही, हे मुलांना नक्की सांगा.

२. जुना टायर
डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला टायरमधलं थोडं पाणीही पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे भांडी घासावी लागतात. नको असलेले टायर काढूनच टाका.

३. उपक्रम : उजेडाची परीक्षा
भर दुपारी, आधी शेड नीट पाहून, मुलांसोबत आत उभे राहा आणि शटर ओढा. जिथून उजेड येतो, तिथून पाहुणा येतो! मुलांना खडूने खुणा करायला सांगा. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून छोटा उंदीर आत येऊ शकतो. अशी भोकं सिमेंटने बुजवा, शटरखाली रबरी पट्टी लावा, मोरीला बारीक जाळी बसवा. सामान फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पेंड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

४. हे मात्र टाळा
उंदराचं विष मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका. झिंक फॉस्फाइड पोटात गेलं की त्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. त्यापेक्षा पिंजरा बरा. पिकावरची औषधं पाण्याच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका.

५. साप दिसलाच तर?
मारायचा नाही, पकडायचाही नाही. मुलांना लांब करा, नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवा. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला शांत ठेवा, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

स्वाध्याय : या रविवारी मुलांनी आपापल्या शेडचा नकाशा काढावा आणि सापडलेली भोकं लाल पेनाने दाखवावीत. पुढच्या रविवारी त्यातली किती बुजली ते मोजावं. हा गृहपाठ मात्र पालकांचा!