कोरड्या नदीचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने नदीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या मे महिन्यात इंदूरला मामांकडे गेले असता चोरल नदीच्या उथळ घळीतून त्यांच्याबरोबर पायी हिंडले, आणि जमाखर्चाचा एक धडा तेथे नीट उमगला.

प्रथम जागेची ओळख. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. महूच्या दक्षिणेस हे पठार विंध्याच्या कड्याशी संपते. तेथे चोरल पातालपाणीच्या धबधब्यातून खाली उडी घेते व कालाकुंडवरून पुढे जाऊन बडवाहजवळ नर्मदेस मिळते. जवळच्याच जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ मात्र उत्तरेस यमुनेकडे जाते. शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक अरबी समुद्रात, दुसरा बंगालच्या उपसागरात!

आपला गोकाकचा धबधबा वालुकाश्मावरून कोसळतो. येथे काळा बेसाल्ट आहे. लाव्हा थंड होताना त्यास उभ्या चिरा पडल्या. पुराचे पाणी या चिरांतून ठोकळे सुटे करते. म्हणून काठ उभे राहतात आणि पात्रात धोंडेच धोंडे दिसतात.

उन्हाळ्यात हाच खडक तव्यासारखा तापतो आणि काठ वारा अडवतात. हवा अंगाहून गरम झाली की शरीराजवळ घामाखेरीज उपाय उरत नाही. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ही झाली जमा. पण गेलेले पाणी भरून काढले नाही तर निव्वळ तोटा. अशा उन्हात चालताना तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते. पाच तासांसाठी माणशी चार-पाच लिटर, म्हणजे पाठीवर तितकेच किलो ओझे. मामा म्हणाले, "तिसरा हिस्सा संपला की मागे फिरायचं, बाळ. परतताना ऊन जास्त असतं, आणि इथे उधारीवर पाणी मिळत नाही." डोहातले पाणी न उकळता पिऊ नये; ओढणी भिजवून डोक्यावर घेण्यास मात्र ते उत्तम. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर सावलीत नेऊन अंग भिजवावे आणि विनाविलंब डॉक्टर गाठावा.

कोरडी घळ पावसाळ्यात मात्र निराळी असते. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला सहलीस आलेल्या एका कुटुंबातील पाच जण एकाएकी वाढलेल्या पाण्यात सापडले, तिघे दगावले. पाऊस वर पठारावर पडतो, खडक तो फारसा मुरू देत नाही, आणि लोंढा खाली येतो तेव्हा तेथे ऊनही असू शकते. पाणी गढूळ झाले की काठ गाठावा, सामानाचा मोह धरू नये.

शेवटी मोठा हिशेब. चोरलचे पाणी फुकट उतरून नर्मदेस जाते. १९७८ पासून इंदूर नर्मदेचेच पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, पंपांनी घाट चढवून आणते. उतरणीस खर्च शून्य, चढणीस विजेचे बिल! म्हणून पठारावरच्या तळ्या-विहिरींत अडवलेले पाणी ही शहराची खरी बचत आहे. बचत आधी आणि खर्च मागून, हे आपण वर्गात शिकतोच. नळ उघडताना ते आठवावे.